फणसाची काठी

वैशाख अर्धा सरला की आमच्या परसातला बरका फणस पिकतो, आणि त्याच्या वासासरशी दर वर्षी माझं डोकं फिरतं. इतरांना म्हणे फणसाच्या वासाने बालपण आठवतं, डोळे ओले होतात. मलाही आठवतं, पण मला राग येतो. डॉक्टर सांगतात, बाई, रक्तदाब आहे, चिडत जाऊ नका. मी त्यांना सांगते, फणस संपले की भेटू.

यंदा या रागात माझ्या नातवाने तेल ओतलं. अथर्व कणकवलीला कॉलेजात असतो, म्हणजे कॉलेजच्या आसपास असतो. डेपोच्या मागे पूल नावाचा खेळ खेळायची एक जागा निघाली आहे, तिथे त्याचा बराचसा अभ्यास चालतो. परवा मी हातांना खोबरेल चोपडून पडवीत फणस फोडत बसले होते, तर हा मोबाईल माझ्या नाकासमोर धरून उभा.

"आजी, ही क्यू बघ. कसली भारी आसा! ऑसेज ऑरेंजची. मी मागवतलंय."

क्यू म्हणजे बिलियर्ड आणि पूल खेळायची काठी, हे त्याने मला समजावून सांगितलं. मला! मी म्हटलं, दाखव. फोटोत लांब, निमुळती, पिवळीधमक काठी होती. लाकूड अमेरिकेतलं, फार चिवट, तिकडचे मूळचे लोक त्याची धनुष्यं करायचे. ताजं असताना हळदीसारखं पिवळं, मग वर्षागणिक तांबूस होत जाणारं. तो वाचत गेला आणि माझे हात गऱ्यांवरच थांबले. शेवटी त्याने त्या झाडाचं फळ दाखवलं. हिरवं, खडबडीत, गोल. मोडलं की पांढरा चीक गळतो. कोणी ते खात नाही म्हणे.

"फणसाच्याच कुळातला झाड आसा, आजी. हय लिवलेला आसा."

"म्हणजे खावचो नाय असलो फणस," मी म्हटलं. "आणि तो तू साता समुद्रापलीकडसून हाडतलंस?"

"मगे? फणसाच्या लाकडाची क्यू कोण करता?"

झालं. हातातली सुरी मी खाली ठेवली. हाताला एवढं तेल असूनही चीक चिकटायचा तिथे चिकटलाच होता.

माझे वडील मुंबईला एका क्लबात बिलियर्डचे मार्कर होते. मार्कर म्हटलं की हल्ली मुलांना फळ्यावर लिहायचं पेन आठवतं, म्हणून सांगते. हिरव्या बनातीच्या टेबलाशेजारी उभा राहून दुसऱ्यांचे गुण मोजणारा तो मार्कर. चेंडू जागेवर मांडायचे, काठीच्या टोकाला खडू घासायचा, काठी साहेबाच्या हातात द्यायची आणि गुण खणखणीत पुकारायचे. साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं आणि त्याचा नूर बघून हरायचं. गोरे साहेब गेले, आपले आले. बाबा त्याच कोपऱ्यात उभे. सभासदांच्या स्वतःच्या काठ्या असत, नाव घातलेल्या, कुलपातल्या पेट्यांत. मार्करची स्वतःची काठी नसे. नसावी असा काही लेखी नियम होता का, ते मला माहीत नाही. गरजच पडली नसेल लिहायची.

बाबांना या जगाकडून एकच गोष्ट हवी होती. आपली स्वतःची काठी, आणि तिने आपल्या नावावर एक डाव. कोणाचा वेळ घालवायला नव्हे, विष्णू म्हणून खेळलेला एक डाव. मे महिन्यात रजेवर घरी आले की ते ही गोष्ट आंघोळीच्या पाण्यापासून जेवणाच्या पानापर्यंत कशात तरी आणत, आणि आई म्हणायची, "हेंच्या डोक्यातसून ता काय जावचा नाय."

आमचं घर वालावलच्या समोरच्या काठाला, खाडीवरच्या चढणीवर. एका वादळात परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. उभ्या, फळणाऱ्या फणसाला आमच्याकडे कोणी कुऱ्हाड लावत नाही; हा आपणहून पडला म्हणून सगळे हळहळले आणि मग प्रत्येकाने त्याच्यावर डोळा ठेवला. कोणाला देवासाठी पाट हवे होते, कोणाला मृदंगाचं खोड. बाबा मुंबईहून आले ते सरळ त्या ओंडक्यावर जाऊन बसले. "ह्येचो गाभो माझो," म्हणाले.

त्यांचे थोरले भाऊ बाबलकाका होड्या बांधायचे. गावाला ऐकू जाईल असा आवाज, आणि स्वतःच्या कामाबद्दल तेवढंच मोठं मत. त्यांनी बिलियर्ड कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना त्यातलं सगळं कळत होतं. पहिली काठी त्यांनी आठवड्याभरात करून दिली. ती वल्ह्यासारखी जाड होती, आणि लाकूड ओलं असल्यामुळे पावसाळा संपेपर्यंत चांगली वाकली. आईने तिला पुढे आकडी बांधली आणि आम्ही तिने आंबे काढू लागलो. काका कोणालाही न जुमानता सांगत की मुळात ती आंब्यांसाठीच केली होती.

दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी लाकडाला होडीच्या फळीसारखं वागवलं. गाभ्याचा सरळ धाग्याचा एक तुकडा निवडला, खाडीच्या चिखलात पुरला, वर दगड ठेवले आणि वर्षभर त्याचं नाव काढलं नाही. पुढच्या मे महिन्यात बाबांनी तो ओहोटीला उकरून काढला तेव्हा त्याला खाजणाची घाण येत होती. सावलीत सुकवून रंधा मारला आणि आतून हळद निघाली. इतकं पिवळं लाकूड मी त्याआधी आणि त्यानंतरही पाहिलेलं नाही. अथर्वच्या मोबाईलमधलं सोडून.

रंधा मारण्याआधी काकांनी गाऱ्हाणं घातलं. काका कशालाही गाऱ्हाणं घालत. होडी पाण्यात लोटताना, म्हैस विताना, माझ्या अकरावीच्या परीक्षेला निघताना. हात जोडून, मान वर करून देवाला मोठ्याने सांगायचं, काय हवं ते, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं आणि त्याच्या तोंडून 'होय म्हाराजा' निघालं नाही, असं होतच नाही. ते आम्ही म्हणत नाही, ते आमच्यातून निघतं. त्या दिवशी काका अंगणात गाऱ्हाणं घालत होते, "ही काठी सरळ ऱ्हवांदे म्हाराजा," तर शेजारच्या माडावर नारळ पाडायला चढलेला पाडेली झावळांतून ओरडला, "होय म्हाराजा!" त्याला बिचाऱ्याला खाली कसली काठी चालली आहे ते ठाऊकही नव्हतं.

मग तासणं, घासणं, उंडीच्या बियांचं तेल चोळणं. टोकाला लावायचं चामडं बाबांनी मुंबईहून आणलं होतं. ते काकांनी फणसाचाच चीक तापवून चिकटवलं. टेबल कुठे होतं? होड्या ठेवायच्या छपराखाली, मांगरात, एक लांब फळी टाकून बाबा तिच्यावर उंडीची गोल फळं मांडायचे. वाकायचे, हनुवटी काठीला टेकायची, एक डोळा बारीक. कट्! फळ फळाला लागून मांगराच्या कोपऱ्यात जायचं. मी ती वेचून आणायची. घरात बाबा फार मोठे कधी दिसले नाहीत. वर्षाचे अकरा महिने नसलेला माणूस अंगणात पाहुण्यासारखा वावरतो. त्या फळीवर वाकले की मात्र मांगर त्यांचा, खाडी त्यांची, सगळं त्यांचं वाटायचं.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या मे महिन्यातली ही गोष्ट. चहूकडे स्वातंत्र्याची भाषणं चालली होती. तालुक्याच्या गावी साहेबी अमदानीतला एक क्लब होता, लांब व्हरांड्याचा, समुद्राकडे तोंड केलेला. त्यांनाही त्या भरात उमाळा आला. त्यांनी जाहीर केलं की क्लब आता सर्वांचा आहे, आणि बिलियर्डची स्पर्धा तालुक्यातल्या सर्व रहिवाशांना खुली आहे. बाबांनी ते कोणाकडून तरी ऐकलं आणि त्या रात्री जेवलेच नाहीत. आनंदाने.

आम्ही होडीने खाडी उतरून गेलो. बाबा, बाबलकाका आणि मी. बाबांनी मुंबईची इस्त्रीची पँट घातली होती. काठी आईच्या जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलेली, काखेत. वाटेत ते एकदाही टेकले नाहीत, पँट चुरगळेल म्हणून.

क्लबाचे सेक्रेटरी वकील होते, खाडीपलीकडच्याच गावचे. घरी आमच्यासारखंच बोलायचे. क्लबात पुस्तकातलं मराठी.

"आपण काय करता?" त्यांनी बाबांना विचारलं.

"मुंबईला क्लबात मार्कर आहे, साहेब."

"अस्सं. मग आपल्याला कसं खेळता येईल? हा तर आपला धंदा. स्पर्धा हौशी खेळाडूंची आहे."

"पण जाहीर केलंत, सर्व रहिवाशांना..."

"हो, सर्वांना. पण सर्वांना म्हणजे तसं नव्हे."

सर्वांना म्हणजे तसं नव्हे! पुढे मी मास्तरीण झाले, निरनिराळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, आणि हे वाक्य मला निरनिराळ्या तोंडांतून भेटत राहिलं. दर वेळी ते असंच नम्र होतं. बाबांनी मान डोलावली. त्यांना नियम पटला होता. मुंबईलाही हाच नियम होता ना! मला त्यांची ती डोलणारी मान अजून सहन होत नाही.

तेवढ्यात मोठे साहेब आले. तालुक्याचे अंमलदार, घाटावरचे, गोड माणूस. क्लबातल्या काठ्या खाऱ्या हवेने वाकून गेल्या होत्या, त्यामुळे ते कुरकुरत होते. त्यांची नजर बाबांच्या काखेत गेली. "बघू," म्हणाले, आणि बघितलीसुद्धा. डोळ्यासमोर धरून तिचा सरळपणा जोखला. हातात तोलली.

"सुंदर! विलायती का?"

"फणसाची, सर."

साहेब हसले. "मजेशीर आहात हो तुम्ही," म्हणाले, आणि काठी घेऊन आत गेले.

मी आणि काका व्हरांड्यातून खिडकीतून बघत होतो. बाबा दाराशी उभे. साहेब दुपारभर आमच्या काठीने खेळले आणि जिंकत गेले. हिरव्या बनातीवर ती पिवळी काठी अशी शोभत होती की मला अभिमान वाटायला लागला, आणि अभिमान वाटतोय म्हणून संताप यायला लागला. आमची काठी त्यांना चालली. ती केलेला, तेल पाजलेला, वर्षभर तिची वाट बघितलेला माणूस तेवढा चालला नाही. संध्याकाळी साहेबांना कप मिळाला. भाषणात ते म्हणाले, आता आपल्यात लहानमोठा असा भेद उरलेला नाही. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत बाबाही होते, अगदी मनापासून.

"आवशीचो घो!" बाबलकाका म्हणाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी ती काखेत मारली, व्हरांड्याच्या मधोमध जाऊन समुद्राकडे तोंड केलं आणि हात जोडले. मला वाटलं आता शिव्या घालणार.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बाहेरचे गाडीवान आपसूक म्हणाले.

"आज ह्या तुझ्या लेकरान, ह्या इस्नून, आपल्या परसातल्या फणसाची काठी केल्यान हा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता क्लबाचा शिपाईही म्हणाला, हातातला सरबताचा ट्रे सांभाळत.

"ती काठी घेवन दुसऱ्यान कप जिकल्यान हा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तर ह्या इस्नूक ह्याच टेबलार, ह्याच काठयेन, एक डाव खेळूक मिळांदे, म्हाराजा! जो कोण आडवो येयत तेका सरळ वाटेक हाड, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

या वेळचा आवाज आतून आला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज होता सेक्रेटरी वकिलांचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले, एका हातात अर्धं बिस्कीट. डोळे उघडले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा काय झाला म्हणून सांगू! देवापुढे होकार दिलेला माणूस, आता नाही कसं म्हणणार? "ठीक आहे," ते पुटपुटले, "एक डाव. स्पर्धेबाहेरचा." साहेबांना तर गंमतच वाटली. "मीच खेळतो यांच्याशी," म्हणाले, आणि काठी बाबांना परत दिली.

मी खिडकीचे गज घट्ट धरले होते. बाबा आत गेले. त्यांनी चेंडू जागेवर मांडले. खिशातून खडू काढून टोकाला घासला, हलकी फुंकर मारली. टेबलाला वळसा घालून आले. मग काठी दोन्ही हातांवर आडवी घेतली, किंचित वाकले, आणि ती साहेबांपुढे धरली.

"सर."

साहेबांनी ती घेतली. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. "थँक्यू," म्हणाले आणि पहिला फटका मारला. बाबा तोवर गुणांच्या फळ्यापाशी जाऊन उभे राहिले होते, आणि त्यांनी गुण पुकारला, मुंबईच्या त्या खणखणीत आवाजात. पुकारल्यावर त्यांना कळलं. मी बघत होते. त्यांनी आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मला वाटलं, आता जातील, काठी मागून घेतील. गेले नाहीत. डाव संपेपर्यंत त्यांनी साहेबांचे गुण मोजले. समोर जोडीदार नाही हे साहेबांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

शेवटी काका बूटवाल्या लोकांतून अनवाणी आत गेले, टेबलावरची काठी उचलली आणि आम्ही निघालो.

होडी खाडीच्या मध्यावर आली. मग काका वल्हं थांबवून म्हणाले, "काठी सरळ ऱ्हवली रे इस्नू. तूच वाकलंस."

बाबांनी पाण्यात हात घातला होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "माझो हात गेलो, दादा. मी नाय गेललंय."

मी तेव्हा बाबांवर चिडले होते. आता चिडत नाही. आता मला चीड येते ती वेगळीच, आणि ती ठेवायला जागा सापडत नाही. साहेब वाईट नव्हते. वकिलांनी शब्द पाळला. मुंबईच्या क्लबाने पगार वेळेवर दिला. कोणी काही केलंच नाही, आणि तरी एका माणसाचे दोन हात त्याचे राहिले नव्हते. असे हात करायला किती वर्षं रोज लागत असतील, 'सर' म्हणत, खडू घासत, पुढे करत! हे ज्यांनी केलं ते सगळे सभ्य लोक होते, म्हणून तर मला त्यांना क्षमा करावीशी वाटत नाही.

बाबा पुढेही दर मे महिन्यात यायचे. माळ्यावरची काठी काढायचे, उंडीचं तेल चोळायचे, परत ठेवायचे. मांगरात फळी टाकून खेळायला मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही. डाव मागायला तर नाहीच नाही. निवृत्त होऊन आले, थोडी वर्षं राहिले, गेले. क्लबाचं टेबल पुढे वाळवीने खाल्लं असं ऐकलं. मला बरं वाटलं.

हे सगळं मी अथर्वला सांगितलं तेव्हा त्याने मोबाईल कधी खिशात घातला ते मला कळलं नाही. तो उठला, शिडी लावली आणि माळ्यावरून कापडात गुंडाळलेली काठी खाली घेऊन आला. हळदीचा रंग केव्हाच गेला होता; आता ती जुन्या गुळासारखी दिसत होती. त्याने ती ओटीच्या गुळगुळीत लादीवर लोटून पाहिली. कुठेही न उडता, न डगमगता गडगडत भिंतीपर्यंत गेली.

"आजी," तो म्हणाला, "केसभर पण वाकाक नाय."

टोकाचं चामडं मात्र सुकून पडलं होतं. मी म्हटलं, चीक तापवते, तो लाव. त्याने ऐकलं नाही, बाजारातला गोंद लावला. त्यावरून आमचं वाजलं. अमेरिकेची काठी मागवायचं मात्र तो पुन्हा बोलला नाही.

काल त्याच्याबरोबर कणकवलीला गेले. त्या पूलच्या जागेत सुती साडी नेसलेली म्हातारी पाहून पोरांचे खेळ थांबले. एकाने हात पुढे केला, "बघू आजी, कसली काठी?" मी म्हटलं, "फणसाची. नंतर बघ." अथर्वने चेंडू मांडले. टोकाला खडू घासला, फुंकर मारली, आणि काठी दोन्ही हातांवर आडवी घेऊन माझ्यापुढे धरली. मी त्याला हे सांगितलं होतं म्हणून त्याने मुद्दाम केलं, की त्याच्या हातांनी आपणहून केलं, ते मी विचारलं नाही.

काठी घेतली. वाकले, जेवढं वाकवतं तेवढं. हनुवटी लाकडाला टेकली आणि उंडीच्या तेलाचा वास आला. माझा पहिला फटका चेंडूला लागलाच नाही. दुसरा लागला. संध्याकाळपर्यंत मी ती काठी कोणाच्याही हातात दिली नाही, मागणाऱ्यांच्या नाही, अथर्वच्याही नाही. गुण किती झाले ते विचारू नका. मोजायचं काम आमच्या घराने पुष्कळ केलं आहे.